बुधाजीचं हिरवं

पहिलं मतदान झालं त्या दिवशी आमच्या शेजारच्या बुधाजीमुळं अख्खी रांग अडली होती. शाळेच्या ओट्यावर साहेब टेबल टाकून बसलेला. माणूस आला की बोटाला शाई लावायची आणि आत सोडायचा. बुधाजीनं हात पुढं केला आणि साहेब खुर्चीवरून उठलाच. दहाच्या दहा बोटं रंगलेली. अंगठा काळा, शेजारचं बोट तपकिरी, मधलं पिवळं, आणि डावा हात तर कोपरापर्यंत विटकरी.

"हा माणूस मत देऊन आलाय," साहेब म्हणाला. "तेपण दहा वेळा."

दुसरा कोणी असता तर हात जोडले असते. बुधाजी भडकला. मत जाईल म्हणून नाही, त्याच्या रंगाला शाई म्हटलं म्हणून.

"शाई? सायेब, हा हिरडा हाय. हा खैर. आनि ही ऐनाची साल. तुमची शाई महिन्याभरात पळंल. माझं खोटं वाटत आसंल तर पाण्याला विचारा!"

शेवटी मी आणि गावचा पाटील पुढं झालो, हा असाच आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं साहेबानं त्याच्या करंगळीच्या आतल्या अंगाला एवढीशी कोरी जागा शोधून ठिपका लावला. मत टाकून बुधाजी थेट ओढ्यावर. सरकारची शाई त्यानं राखेनं घासली, चिंचेनं घासली, दगडावर घासली. संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन निकाल दिला, "बरी हाय. पन सुताला धरनार नाय."

कोणाला किती मतं पडली, कोण निवडून आला, ते त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. नटवून लिहिता येत नाही, झालं तसं सांगतो. टोकावड्याच्या अलीकडं, सडकेपासून आत आमची वस्ती. बुधाजीचं घर आणि माझं घर, मधे एकच कूड, कारवी-मातीचा. त्याच्या चुलीवर जे उकळायचं त्याचा वास माझ्या भातात यायचा. एकटा राहायचा. थोडी भातजमीन होती ती नावाला. खरा धंदा रंगाचा. कोळ्यांची जाळी ऐनाच्या सालीत बुडवून द्यायचा, बायकांची लुगडी, घाटावरून उतरणाऱ्या धनगरांची लोकर, जे येईल ते. कापड रंगवून झालं की त्याची बोटभर चिंधी फाडून पडवीतल्या दोरीला बांधायचा. असल्या चिंध्या शेकड्यांनी. दुसऱ्याच्या घरात देवांच्या तसबिरी, याच्या घरात चिंध्या.

"लोकर आईसारखी गो वयनी," असं तो माझ्या बायकोला, भागीला, सांगायचा. "काय बी द्या, पोटात घेते. सूत मात्र सावत्र. त्याची मनधरनी करावी लागते. आधी हिरडा पाजा, मंग तुरटी पाजा, मंग कुठं रंगाकडं तोंड फिरवतं."

त्याला पांढरं बघवत नसे. पांढरं कापड दिसलं की चुकचुकायचा, "उघडं हाय बिचारं." आणि हात शिवशिवायला लागायचे. एकदा शाळेच्या मास्तरांची टोपी कुंपणावर वाळत होती. हा तिथून गेला आणि टोपीपण गेली. दुसऱ्या दिवशी टोपी कुंपणावर परत आली ती काथाच्या रंगाची. मास्तर तणतणत याच्या दारात.

"अरे, ही टोपी पांढरीच असते! पांढरी म्हणूनच घालतात!"

"पन मास्तर, आता मळनार नाय," बुधाजी म्हणाला. "मळली तरी कुनाला कळनार?"

मास्तर ती टोपी घालून दोन वर्षं हिंडले. खरंच मळली नाही.

दुसरी गोष्ट कोंडिबा धनगराच्या मेंढ्याची. भातं कापून झाली की कोंडिबा माळशेजच्या घाटानं खाली उतरायचा, आमच्या खाचरांत मेंढरं बसवायचा. त्याच्या कळपात एकच मेंढा पांढराशुभ्र. बुधाजी आठ दिवस त्या मेंढ्याकडं नुसता बघत होता. नवव्या दिवशी कोंडिबा बोंबलत गावात आला, मेंढा चोरीला गेला म्हणून. आम्ही सगळे काठ्या घेऊन निघालो. रानभर शोधलं. मेंढा कळपातच होता, पळसाच्या वाळवलेल्या फुलांच्या पाण्यात न्हाऊन नारिंगी होऊन गवत खात उभा. कोंडिबा त्याच्या अंगावरून दोनदा गेला होता.

"आरं, माझं जनावर हाय का नवरदेव हाय?" कोंडिबा ओरडला. पण नंतर तो हसला, बुधाजी हसला, आणि त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली.

आता हिरव्याकडं येतो, कारण सगळी गोष्ट हिरव्याचीच आहे.

बुधाजीला सगळे रंग जमत. पिवळा, तांबडा, तपकिरी, करडा, काळा. हिरवा जमत नसे. आणि भागीला ते ठाऊक होतं. दाणे पाखडता पाखडता कुडाच्या फटीतून तिचा आवाज जायचा, "काय भावजी, हिरवं कधी देताय?"

"देतो गो वयनी."

"माझी पाटली झिजली वाट बघून."

"देतो म्हनलं ना!"

तुम्ही म्हणाल, सगळं रान हिरवं, चार पानं कुटली की झालं. बुधाजीपण तसंच समजला होता. सागाचं पान उकळलं, लाल झालं. आंब्याचं उकळलं, पिवळं झालं. कुर्डूचं उकळलं, म्हशीच्या मुतासारखं झालं. दोन उन्हाळे त्यानं रानातला एकेक पाला चुलीवर चढवला. एक दिवस हातातली पळी फेकून माझ्या ओट्यावर येऊन बसला. "दादा, हे सगळं रान लबाड हाय. वरून हिरवं दाखवतं. आत एकाच्या बी हिरवं नाय."

मग कोणीतरी सांगितलं, हिरवा मिळत नाही, करावा लागतो. आधी पिवळा, त्यावर निळा. बुधाजी शहापूरच्या बाजारातून नीळ घेऊन आला आणि माझंच धोतर हळदीत काढून त्या निळीत बुडवलं. रंग असा उठला की नवं भाताचं रोप लाजावं. त्याच दिवशी मला आटगावला लग्नाला जायचं होतं. बुधाजी म्हणाला हेच नेसून जा, बघू दे लोकांना. गेलो. वैशाखातलं ऊन, मांडवात माणसावर माणूस. अक्षता पडेपर्यंत घामानं धोतर गळायला लागलं. पंगतीला बसलो तर पाटाला हिरवे डाग. घरी आलो तर गुडघ्यापर्यंत पोपट. त्यानं आणलेली नीळ धुण्याची होती. कपडे पांढरे करायची.

भागी अशी हसली, अशी हसली, की शेजारच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या. बुधाजी मान खाली घालून उभा. "घाई झाली," म्हणाला. "पाण्याला विचारायचं राहिलं."

मला राग आला होता. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी भागीला बोललोच. "बाजारात हिरवी लुगडी पडलीत ढीगभर. पुडीचा रंग मिळतो. तुला त्या येड्याकडूनच कशाला पाहिजे? उगा पिसं लावून ठेवलंस त्याला."

भागी सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमाला येसू आठवते?"

येसू म्हणजे बुधाजीची बायको. पहिल्या बाळंतपणात गेली, बाळपण गेलं. तेव्हा मी भिवंडीला हमालीत होतो. परत आलो तर सगळं होऊन गेलं होतं.

"तवा कापडाचं कंट्रोल होतं," भागी म्हणाली. "हिरवं लुगडं कुठं मिळंना. भावजी मुरबाडला पळत गेले, शहापूरला गेले. रेशनाच्या दुकानात मांजरपाट, तेपन अपुरं. सवाशीन बाई, नवरा जिता, आनि पांढऱ्यात न्यावी लागली तिला. मी तिथंच होते. त्यांनी हळद घेऊन कापडावर चोळली हातानं. पुरली नाय."

आमच्याकडं नवऱ्याच्या आधी गेलेली बाई हिरव्या लुगड्यात जाते. तो तिचा मान.

"मी मागितलं तर ते करत राहतात," भागी म्हणाली. "मागायचं बंद केलं तर बसून राहतील. आनि ऐका, मी तुमच्या आधी जानार. माझं हिरवं भावजींचंच."

"कायतरी बोलू नको," मी म्हटलं.

"आता का? तुमी पोपट होऊन आलात तवा मी बोलले का कायतरी?"

पुढच्या हिवाळ्यात कोंडिबानं घाटावरून खऱ्या निळीची वडी आणली. दिसायला चिखलाचा वाळका ढेकूळ, पण नखानं घासला की तांब्यासारखा चमके. त्यानं बुधाजीला माठ लावायला शिकवला. नीळ, चुना, गूळ आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. माठ उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरायचा, म्हणजे ऊब लागते. बुधाजी त्या माठावर घोंगडी पांघरायचा, कान लावून आत काय चाललंय ते ऐकायचा. घोंगडी माठावर आणि हा थंडीत उघडा.

सहाव्या दिवशी त्यानं पांढऱ्या कापडाचा तुकडा माठात बुडवला आणि वर काढला. हिरवा! गवतासारखा हिरवा! "वयनी! झालं! हिरवं झालं!" करत तो उकिरड्यावरून सुटला. उकिरडा वस्तीच्या त्या टोकाला, आमचं घर या टोकाला. पळत दारात येऊन त्यानं तुकडा भागीपुढं धरला.

भागीनं बघितलं. "निळं हाय की भावजी."

बुधाजीनं हातात बघितलं. निळं. परत गेला, दुसरा तुकडा बुडवला, हिरवा निघाला, पळत आला, निळा. तिसऱ्या खेपेला मीपण त्याच्याबरोबर पळालो. देवाशपथ सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत वाटेत रंग बदलला. नीळ माठातून हिरवी निघते आणि वारा लागला की निळी होते, हे कोंडिबानं सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, ठाऊक असेल.

पण निळा पक्का होता. पाण्याला विचारून झालं होतं. आता खाली पक्का पिवळा पाहिजे. तो सापडला सुताराकडं. फणसाच्या लाकडाचा भुसा तुरटीत उकळला की जो पिवळा चढतो तो हटत नाही. पिवळं लुगडं तयार झालं आणि नेमका माठ बिघडला. फेस गेला, वास मारायला लागला, कापड बुडवलं तर राखाडी. कोंडिबा येऊन बघून गेला.

"माठ रुसला," तो म्हणाला. "आता खोटी बातमी उठव."

"काय?"

"आमच्याकडं सगळं रंगारी करत्यात. माठ बिघडला की गावात खोटी बातमी सोडायची. जेवढी मानसं खरी मानत्यात तेवढा माठ चढतो. कुनीच मानली न्हाई तर माठ मेला."

बुधाजीसारखा खोटं न येणारा माणूस मी बघितला नाही. दिवसभर विचार करून तो पारावर गेला आणि म्हणाला, "आमच्या म्हशीनं अंडं घातलं." पारावरचे म्हणाले, "तुला म्हैस कुठाय?" तो परत आला.

मग भागीनं पदर खोचला. विहिरीवर गेली आणि एकीच्याच कानात सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणून. टोकावड्याला यष्टीत वाघ चढला. कंडक्टरनं दार लावून घेतलं आणि मागच्या बाकावर बसवून ठेवला, वाघ म्हातारा आहे, गप बसलाय.

दुपारपर्यंत अर्धं गाव टोकावड्याला. मीपण गेलो. भागी खोटं बोलतेय हे ठाऊक असून गेलो, कारण वाटेत भेटलेले दोघं म्हणाले आम्ही शेपूट बघितली. स्टँडवर कंडक्टर डोकं धरून बसलेला. "सकाळपासून दोनशे माणूस आलं," तो ओरडला. "एकानं तिकीट काढलं नाय!" संध्याकाळी बातमी उलट्या वाटेनं गावात आली तेव्हा वाघ दोन झाले होते, आणि भागी मला विचारते, "अवो, खरंच होता का काय?"

माठ थोडा हलला. अर्धा चढला. बुधाजी म्हणाला, अर्ध्यांनीच मानली. लुगडं बुडवायचा धीर त्याला झाला नाही.

त्याच थंडीत भागीला ताप यायला लागला. यायचा, जायचा, परत यायचा. ती वाळली. मी तिला बैलगाडीतून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. गर्दी होती, मी बाहेर बैलांपाशी थांबलो. भागी औषधाची बाटली हातात घेऊन बाहेर आली. बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची पट्टी चिकटवलेली.

"काय म्हनाला डॉक्टर?"

"काय नाय. रक्त कमी हाय म्हनाला. हे संपलं की बरी."

तिनं वाटेत भेटेल त्याला सांगितलं. विहिरीवर सांगितलं, पारावर सांगितलं, चक्कीवर सांगितलं. डॉक्टर म्हणाला काही नाही झालं. लोकांना आनंद झाला. कोणी अंडी आणून दिली, कोणी तांदूळ. मी टोकावड्याच्या देवीला नारळ फोडून आलो.

चौथ्या दिवशी बुधाजी कुडाच्या फटीतून ओरडला, "वयनी! माठ चढला गो! असा चढला, फेस तांब्यासारखा! कुठली बातमी उठवली?"

"उठवली एक," भागी आतून म्हणाली. "सांगायची नसते."

त्यानं त्या दिवशी पिवळं लुगडं माठात काढलं. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही भागीला बाजेवर अंगणात आणून बसवलं. लुगडं दांडीवर टाकलं होतं. वारा लागला, आणि या वेळी ते निळं झालं नाही. हिरवं राहिलं. बाजारातल्यासारखं झगझगीत नाही, कुठं गडद, कुठं फिकं, ऊन पडलेल्या झाडीसारखं. भागी बराच वेळ बघत होती.

"आता पाण्याला विचारा," ती म्हणाली.

"लगेच नाय विचारायचं वयनी. आठ दिस मुरू दे."

"बघा हां. माझी पाटली झिजली."

आठ दिवस झाले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. मला जास्त लिहिता येत नाही त्याबद्दल. बायका लुगडं शोधायला लागल्या, कोणी म्हणालं शहापूरला माणूस पाठवा. बुधाजी ते हिरवं दोन्ही हातांवर घेऊन आला आणि माझ्यापुढं उभा राहिला. मी मान हलवली. ती त्याच लुगड्यात गेली. आयाबाया म्हणाल्या, असं हिरवं बघितलं नव्हतं.

सुतक फिटल्यावर मी औषधाची रिकामी बाटली परत द्यायला मुरबाडला गेलो. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरांनी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, फार दिवस नाहीत म्हणून. घरच्यांना आत बोलवा म्हणाले. बाई म्हणाल्या, मीच सांगते." मी बाटली ठेवली आणि चालत घरी आलो.

बुधाजीनं नंतर रंग सोडला नाही, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोरीला त्या हिरव्याची बोटभर चिंधी बांधलेली होती. बाकी सगळ्या चिंध्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या, ही एकटी ताठ. आठ दिवस झाले, महिना झाला, होळी झाली. जो माणूस सरकारच्या शाईबद्दल पाण्याला विचारायला गेला, त्यानं या चिंधीला पाणी दाखवलं नाही.

एक दिवस मी विचारलं, "का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "नको दादा. सुटला तर?"

मी उठलो, चिंधी सोडली आणि ओढ्याची वाट धरली. तो मागून "दादा, नको, दादा" करत आला, पण थांबवलं नाही. मी दगडावर बसलो. चिंधी भिजवली, राख लावली आणि घासली. माझं धोतर मी आयुष्यात तेवढं घासलं नाही. बुधाजी पाठ करून उभा. मी चिंधी पाण्यात पिळली. पाणी जसं होतं तसंच खाली गेलं. तळातले खडे दिसत होते.

"इकडं बघ," मी म्हटलं.

तो वळला. पाण्याकडं बघितलं, चिंधीकडं बघितलं. खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "वयनीनं बातमी कुठली उठवली होती? तुला ठावं हाय?"

मी त्याला सांगितलं. मुरबाडची गोष्ट सगळी सांगितली. मी कोणाला बोललो नव्हतो, त्याला पहिल्यांदा बोललो.

त्यानं एकच विचारलं.

"सगळ्यांनी खरी मानली?"

"सगळ्यांनी. मीपण."

बुधाजीनं चिंधी माझ्या हातातून घेतली, उन्हातल्या दगडावर सारखी करून पसरली.

"मंग सुटंल कसा," तो म्हणाला.

चिंधी वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. वाळल्यावर त्यानं ती मधोमध फाडली आणि अर्धी मला दिली.